अर्थाची सुपारी

कुंभारीच्या कामगार वसाहतीत बिरोबाचं देऊळ आहे आणि देवळात श्रावणभर पोथी असते. पोथी दोघांनी चालवायची. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं तिचा अर्थ सांगायचा. वाचणाऱ्यानं अर्थात तोंड घालायचं नाही, सांगणाऱ्यानं सुरात. हा नियम कुणी केला हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण तो पाळला जातो की नाही हे बघायला अजिनाथ कंडक्टर होता.

अजिनाथ एसटीतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी माणसं दाटीवाटीनं बसलेली दिसली की त्याचा हात आपोआप काखेतली बॅग चाचपायचा. पोथीला मंडळी जमली की "दारातले आत सरका, वाट मोकळी ठेवा" हे आधी व्हायचं, मग देवाचं नाव. मग तो पोथीचं लाल फडकं सोडायचा, चष्मा लावायचा आणि आपली चाल धरायचा. चाल त्याच्या वडिलांची. वडिलांच्याही मागच्या कितीतरी पिढ्यांची, असं तो सांगायचा. खरं म्हणजे वडिलांनी तरुणपणी मैंदर्गीच्या जत्रेत एका नाटक कंपनीच्या तंबूबाहेर उभं राहून एक शृंगारिक पद चोरून ऐकलं होतं, त्याची ती चाल. ही गोष्ट अख्ख्या वसाहतीत अजिनाथखेरीज फक्त हरिबाला माहीत होती आणि हरिबानं ती कधी कुणाला सांगितली नव्हती. मैत्री म्हणतात ती बहुतेक हीच.

अर्थ सांगायला हरिबा. विशीपर्यंत तो सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं होता, नंतर सोलापुरात येऊन सूतगिरणीच्या गोदामावर वॉचमन झाला. गळा असा, की आरती सुरू झाली की त्याची बायको केराबाई त्याला कोपरानं ढोसून गप्प करायची. पण बोलायला लागला की मात्र बायका वाती वळायच्या थांबत. पोथीतला राक्षस गावावर चालून आला, की हरिबा विचारायचा, "राक्षस म्हंजे कसा? तर नळाला पानी यायच्या टायमाला सगळ्यांच्या आदी आपल्या घागरी लावून मागं बघून हासनारा." सगळी मंडळी मग एकाच बाईकडं बघत आणि ती बाई छताकडं. पोथीतला देव रुसून माळावर जाऊन बसला, तर हरिबाच्या अर्थात तो जाताना घोंगडं विसरायचा आणि घोंगड्यासाठी परत येताना बायकोला सापडायचा.

एकदा एका रिटायर मास्तरांनी उभं राहून विचारलं होतं, "हे पोथीत कुठं आहे?"

"पोथीत न्हाय म्हनून तर सांगाय लागतंय की," हरिबा म्हणाला. "पोथीत असतं तर अजिनाथनं वाचलं नसतं व्हय?"

श्रावणाच्या पहिल्या दिवशी पोथीवर एक सुपारी ठेवतात. अर्थ सांगणारा ती उचलून कनवटीला लावतो आणि समाप्तीला परत पोथीवर ठेवतो. ज्यानं अर्थ उचलला त्यानंच तो खाली ठेवायचा. मध्येच दुसऱ्या कुणी सांगायचा नाही. अर्थ म्हणजे काही हातोहात पुढं द्यायची घागर नाही. आणि समाप्ती पोळ्याआधी झाली पाहिजे. अजिनाथला हे दोन्ही नियम सारखेच लाडके होते. ते एकमेकांसमोर उभे ठाकतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

यंदा दहावा अध्याय संपला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हरिबा दात घासता घासता मोरीतच खाली बसला.

दवाखान्यातून घरी आला तो अर्धा झोपलेलाच. उजवा हात, उजवा पाय, ओठाची उजवी कड. समोरचं माणूस त्याला कळत होतं, बोललेलं कळत होतं, पण बोलायला गेला की एकच शब्द यायचा. "पुढं." एका ओवीचा अर्थ सांगून झाला की तो अजिनाथला म्हणायचा तोच हा "पुढं". एवढ्या वर्षांत तो इतक्यांदा म्हटला गेला होता की घराला आग लागल्यावर एखादं जुनं ताट तेवढं शाबूत राहावं, तसा तो मागं राहिला होता.

"पानी पायजे तरी पुढं, उशी काढा तरी पुढं," केराबाई अजिनाथला सांगत होती. "काल लघवीला न्यायचं हुतं, आन् मी खुळी पुढचं दार उघडून देत बसले की वो भावजी." असं म्हणून ती हसली आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

सुपारी त्याच्या डाव्या मुठीत होती. दवाखान्यात कपडे उतरवताना ती नर्सच्या हाताला लागली, तिनं त्याच्या हातात दिली, तेव्हापासून मूठ उघडली नव्हती. केराबाई अंघोळ घालायची ती मुठीच्या वरवरून.

पोथी दहाव्या अध्यायावर थांबली. चारपाच दिवसांनी पंचांची बैठक देवळातच बसली. देवळाचा कारभार बिरुदेवकडं. त्याचं मांडवाचं आणि लाऊडस्पीकरचं दुकान असल्यानं त्याला प्रत्येक अडचणीवर एक माईक सुचायचा.

"कंडक्टर, सुपारी तेवढी सोडवून घ्या त्येच्याकडनं," बिरुदेव म्हणाला. "नातेपुत्याला माजा एक पाव्हना हाय. कॉलर माईक लावून अर्थ सांगतो. मदी विनोद बी घालतो."

"ज्यानं अर्थ उचलला त्यानंच खाली ठेवायचा," अजिनाथ म्हणाला.

"मान्य. आन् पोळ्याआदी समाप्ती, ह्यो नियम कुनाचा? माजा हाय का? गेल्या साली माज्या पुतन्याचं लगीन असून बी तुमी एक दिस ढकलू दिला न्हाय."

आयुष्यात कितीतरी प्रवाशांना अजिनाथनं नियमावर बोट ठेवून खाली उतरवलं होतं. आज त्याच बोटानं त्याला उतरवलं. समोर हरिबाची बसायची घोंगडीची घडी रिकामी होती. तिथं कॉलर माईक लावलेला माणूस बसलेला त्यानं मनात बसवून बघितला, आणि तो बसेना. हे त्यानं स्वतःला नियमाच्या भाषेत समजावून सांगितलं, कारण असल्या गोष्टींची दुसरी भाषा त्याला येत नव्हती.

"पोळ्यापतूर थांबा," तो एवढंच म्हणाला. "मग आना तुमचा पाव्हना."

त्याच आठवड्यात पुण्याहून अभिमन्यू आला.

अभिमन्यू हा हरिबाचा एकुलता एक मुलगा. शाळेत असतानाच गळा बरा निघाला म्हणून हरिबानं त्याला शास्त्रीय गाणं शिकायला घातलं होतं. दहा-बारा वर्षं पुण्यात एका नामांकित गुरूंकडं शिकला. तो रेडिओवर गाणार या आशेवर अजिनाथनं नवा रेडिओही घेऊन ठेवला होता. अजिनाथचा शास्त्रीय संगीताचा अभ्यास रेडिओवरचा, पण कडक. सकाळचा राग सकाळी, रात्रीचा रात्री. दुपारी कुणी भैरव लावला तर तो बटण बंद करून देवाची माफी मागायचा. अशा माणसाला अभिमन्यूनं पुढं जे केलं ते सहन होणं शक्य नव्हतं. त्यानं गुरूंचं घर सोडलं आणि लॅपटॉप घेतला. राग घ्यायचा आणि तो इतका संथ करायचा की हलतोय की नाही ते कळू नये. पुण्यात म्हणे लोक अशा कार्यक्रमाला गाद्यांवर आडवे पडून ऐकत. दोन वर्षांपूर्वी त्यानं मोबाईलवर एक तुकडा अजिनाथला ऐकवला होता. अजिनाथनं बराच वेळ ऐकून विचारलं, "सुरू कवा हुनार?"

"सुरूच आहे की काका. हा सा आहे."

"ह्यो सा लावून मानूस जेवून ईल, आन् आल्यावर पुन्यांदा तिथनंच धरंल." वसाहतीत हा किस्सा अजिनाथनं पुष्कळ दिवस खपवला होता.

अभिमन्यू येऊन चार दिवस झाल्यावर एका दुपारी अजिनाथ हरिबाकडं निघाला. गल्लीत बायका दारात बसून विड्या वळत होत्या. हरिबाचं घर दोन दारं पुढं राहिलं असेल तेव्हा त्याला तंबोऱ्यासारखा एक आवाज ऐकू आला, खोल, न तुटणारा. आणि त्या आवाजावर एक दुसरा आवाज सावकाश चढला.

"पा... नी... दे..."

अजिनाथचे पाय जागीच थांबले. तो हरिबाचा आवाज होता. घोगरा, किंचित वाकडा, ओल्या लाकडासारखा; पण हरिबाचाच. आणि हरिबा गात होता. दंडावर काटा उभा राहिला, तो मानेपर्यंत गेला. वर ऊन होतं, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि मेलेली म्हणून सोडून दिलेली वाचा भिंतीपलीकडं पाणी मागत होती.

मग त्याच्या डोक्यात दुसरा विचार आला आणि पहिल्याला ढकलून बसला. मोबाईलवर त्यानं बघितलं होतं; पुढाऱ्यांच्या तोंडी ते कधी न बोललेलं बोलणं घालतात, आवाज हुबेहूब. पोरानं बापाचं जुनं बोलणं कुठून तरी मिळवलं असणार आणि मशीनमधून काढत असणार. हे सुचलं तशी त्याची तळपायाची आग मस्तकाला गेली. तो चपलांसकट आत शिरला आणि बाजेशेजारच्या स्टुलावरचा लॅपटॉप त्यानं फाडकन मिटला.

"बापाचं मशीन केलंस व्हय रं?"

तंबोरा थांबला. खोलीत शांतता झाली. अभिमन्यू बाजेच्या कडेला बसला होता, त्याचं तोंड मिटलेलं होतं. केराबाई भाकरीच्या परातीत हात घालून तशीच थांबली होती. आणि त्या शांततेत बाजेवरून तो आवाज, जिथं होता तिथूनच, पुढं निघाला.

"के... रे... पा... नी..."

हरिबाचे डोळे अजिनाथवर होते. ओठाची डावी कड तेवढी हलत होती. सूर थोडा घसरला, त्यानं तो शोधला, सापडला तसा घट्ट धरला.

अजिनाथ खाली बसला. म्हणजे बसायचं असं त्यानं ठरवलं नव्हतं.

"चपला काडा भावजी," केराबाई हळूच म्हणाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन नवऱ्याकडं गेली.

"बोलणं डोक्याच्या एका कुशीला असतं," अभिमन्यू सांगू लागला. "गाणं बरंचसं दुसऱ्या. बाबांची एक कूस झोपलीय, दुसरी जागी आहे. दाखवायला नेलं तेव्हा दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनीच सांगितलं, गाऊन घ्या म्हणून. आधी मी आरत्या लावल्या, भजनं लावली. ती गाणी पळायची, बाबा मागं राहायचे, चिडायचे. मग एकदा मी माझाच तो तुकडा लावला."

"जेवून यायचा?"

"तोच. एका अक्षराला त्यांना दोन श्वास लागतात काका. कुठलं गाणं थांबतंय एवढं? माझं थांबतं." तो ओशाळं हसला. "पुण्यात लोकांनी वाहवा केली, झोपले, घोरले पण. हे कशासाठी केलं होतं ते मला परवा कळलं."

अजिनाथनं हरिबाकडं पाहिलं. मग त्याच्यातला कंडक्टर जागा झाला. "पर ह्ये सूर सकाळचं हायत. तोडी हाय ही. आत्ता दुपारचं तीन वाजल्यात."

"त्यांच्या गळ्याला तेवढाच गंधार सापडलाय काका. त्याला मी घड्याळ दाखवू?"

अजिनाथला यावर रेडिओनं काही शिकवलं नव्हतं. तो बाजेजवळ सरकला. "हरिबा," तो म्हणाला, "अकरावा अध्याय ऱ्हायलाय."

हरिबानं डावी मूठ उचलून त्याच्या गुडघ्यावर ठेवली. मूठ गरम होती, आत सुपारी टणक.

"पुढं," तो म्हणाला.

दोन दिवसांनी पोथी पुन्हा लागली. संध्याकाळपर्यंत हरिबा थकून जायचा म्हणून दुपारीच. देवळामागच्या पडीक रानात खतासाठी गुंडा धनगराची मेंढरं बसवली होती. ती उन्हाच्या तिरपीत एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून गप्प होती. गुंडा देवळाच्या दगडी गडग्याला टेकून तंबाखू मळत होता. वसाहतीतली माणसं नेहमीपेक्षा जास्त आली होती. काही श्रद्धेनं, बरीचशी हे काय प्रकरण आहे ते बघायला. हरिबाला खुर्चीसकट उचलून आणलं आणि घोंगडीवर, पाठीला तक्क्या देऊन बसवलं. त्याच्यामागं अभिमन्यू लॅपटॉप आणि एक छोटा स्पीकर घेऊन बसला.

"कंडक्टर," बिरुदेव मोठ्यानं म्हणाला, "पोथीचा आर्केस्ट्रा करताय व्हय आता? सांगितलं असतं तर मोठा स्पीकर दिला असता की, फुकट."

"आत सरका, वाट मोकळी ठेवा," अजिनाथ म्हणाला आणि लाल फडकं सोडलं.

अकराव्या अध्यायात देवाची एक मेंढी हरवते. अजिनाथनं चष्मा लावला आणि चाल धरली.

*वारा निजला झाडीं । पाणी थबकलें आडीं ।*
*एक मेंढी उणी वाडीं । देवें जाणिलें तत्काळ ॥*

ओवी नेहमीसारखी तडफेनं आली आणि शेवटी वळण घेऊन थांबली. अजिनाथनं हरिबाकडं बघितलं. मागं तंबोरा सुरू होता. हरिबानं तोंड उघडलं. ओठ थरथरले. अजून ओवीच्या वेगानंच त्याचं डोकं धावत असावं, कारण डोळे इकडंतिकडं फिरले, गळ्याची शीर फुगली आणि बाहेर आलं ते एवढंच. "पुढं. पुढं, पुढं."

कुणीतरी चुकचुकलं. मागून एक पोरगं हसलं आणि त्याला फटका बसल्याचा आवाज आला. केराबाईनं मान खाली घातली. हरिबाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि डाव्या कडेनं ओघळलं. उजव्या कडेला ते बसूनच राहिलं.

"ऱ्हाऊ द्या की आता," बिरुदेव म्हणाला. या वेळी तो खरोखरच हळू आवाजात म्हणाला. "हाल कशाला करताय बिचाऱ्याचं."

अभिमन्यू पुढं वाकला. "काका. तुमच्या चालीमागं पळता येत नाही त्यांना."

अजिनाथ ताठ झाला. चाल? चाल कशी सोडायची? पिढ्यान् पिढ्यांची चाल, वडिलांची, आजोबांची. हे मनात येतंय तोवर त्याची नजर हरिबाच्या नजरेला भिडली. आणि मैंदर्गीचा तो तंबू त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला, आणि तंबूबाहेर पायांच्या चवड्यांवर उभं राहून ऐकणारे त्याचे तरुण वडील. हरिबा त्याच्याकडं बघत होता. सगळं माहीत असून आजवर एक अक्षर न बोललेला हरिबा.

अजिनाथनं चष्मा पुसला. मग त्यानं मागचा तंबोरा ऐकला. आधी नुसताच ऐकला. तो सा कुठं जात नव्हता. येतही नव्हता. माळावर ऊन असतं तसा तो होता. अजिनाथनं ओवीचं पहिलं अक्षर त्याच्यावर ठेवून बघितलं.

"वा..."

ते तिथं राहिलं. पडलं नाही. मग दुसरं. मग "निजला" म्हणताना त्याला जाणवलं की वारा खरंच निजलाय. इतकी वर्षं ही ओवी त्यानं न थांबणाऱ्या गाडीतून थांबा मागं पडावा तशी बघितली होती. पाटी दिसायची, गाव दिसायचं नाही. आज गाडी थांबली होती. झाडी होती, आड होता, आडातलं पाणी श्वास धरून होतं. मेंढरांच्या वाड्यात एक जागा रिकामी होती. ती जागा केवढी असते ते त्याला ठाऊक होतं. पंचांच्या बैठकीत त्यानं ती समोर बघितली होती. त्याचा आवाज कापला, पण त्या सुरानं कापरा आवाजही घेतला, जसा येईल तसा.

देवळात आता बांगड्यांचाही आवाज नव्हता. कुणी हलत नव्हतं. अजिनाथ दुसऱ्या ओवीवर आला.

*नांवें घेऊनि भागला । शब्द ओठीं सुकोनि गेला ।*
*मग देवें सूर लाविला । शब्दावांचोनि माळावरी ॥*

या ओवीचा अर्थ दरवर्षी हरिबा एका दमात उरकायचा. "म्हंजे देवाचा बी घसा बसतो. हितं काय इशेष न्हाय, सुपारी खा, पुढं चला." मंडळी हसायची आणि अजिनाथ पान उलटायचा. आजही एकदोघं हसायच्या तयारीनं बसले होते.

हरिबानं डोळे मिटले. फक्त त्याची छाती वर झाली, खाली झाली. अभिमन्यूनं तोंड न उघडता मागून तोच सूर धरला, स्पीकरच्या आवाजात मिसळून. आणि मग हरिबाचा आवाज आला. खालून, फार खालून.

"ना... वं... सर... ली..."

एकेक अक्षर तो जमिनीतून दगड काढावा तसं काढत होता, आणि काढल्यावर सगळ्यांना दिसेल असं वर धरत होता.

"हा... क... ऱ्हा... य... ली..."

एवढाच अर्थ. मास्तर असते तर ते म्हणाले असते, पोथीत हे कुठं आहे? पण त्या क्षणी अजिनाथला पोथीत दुसरं काही दिसतच नव्हतं. कित्येक श्रावण त्यानं हे पान वाचलं होतं आणि त्याच्या समोर बसलेल्या माणसानं ते हसून ओलांडलं होतं. आज त्या माणसाला त्याच पानावर कुणीतरी धरून बसवलं होतं. घसा बसलेला देव विनोदाचा नव्हताच. तो हा इथं बसला होता, एका बाजूनं खचलेला, नावं सरलेला.

हरिबा थांबला नाही. शब्द संपले तरी सूर संपला नव्हता. तो त्यानं तसाच वर नेला, आणि वर गेल्यावर तो गाण्यासारखा राहिला नाही. जीभ टाळूला लागून त्याला एक कंप आला, मग एक उकळी, मग लांब, गोल, उतरत गेलेली हाक. तोडी नव्हे, भजन नव्हे. सांगोल्याच्या माळावर विसाव्या वर्षी जो आवाज ठेवून तो गिरणीवर आला होता, तो. केराबाईनं झटकन वर बघितलं. लग्न झाल्यापासून तिनंही तो ऐकला नव्हता.

हाक देवळातून बाहेर गेली.

आणि मागच्या रानात मेंढरं उठली. एक नव्हे, दोन नव्हे. सगळा कळप एकदम, धूळ झाडत, पायांचा एक मोठा खळाळ होऊन. उठून उभी राहिली आणि देवळाकडं तोंड करून थांबली. एकही ओरडलं नाही. खिडकीतून दिसत होतं ते सगळं. पिवळे डोळे, ताठ कान, आणि वर तरंगणारी उन्हातली धूळ.

"उटली की वो समदी," गडग्यावरून गुंडा म्हणाला. त्याच्या तळहातावरचा तंबाखू तसाच होता. "म्या काय बोललो न्हाय. देवाशपथ, म्या काय बोललो न्हाय."

एका म्हातारीनं जमिनीला कपाळ लावलं, देवाकडं तोंड करून की हरिबाकडं ते सांगता येणं कठीण होतं. बिरुदेवनं डोक्यावरची टोपी काढली, हातात धरली, आणि तिचं काय करायचं ते न कळून परत घातली. अभिमन्यूचा चेहरा लहान मुलासारखा उघडा पडला होता. अजिनाथला वाटलं, आपण एखाद्या फार मोठ्या दारात उभे आहोत आणि वाट मोकळी ठेवायला आपल्याला कुणीतरी सांगायला हवं.

हाक संपल्यावरही ती बराच वेळ संपली नाही. मेंढरं एकेक करून खाली बसली. तेव्हा कुठं लोकांनी श्वास सोडला.

हरिबा घामानं भिजला होता. केराबाईनं त्याचं तोंड पुसलं. दोन ओव्यांत सगळी दुपार गेली होती. अध्याय मोठा होता, आणि त्याच्यापुढंही अध्याय होते.

बिरुदेव घसा खाकरत पुढं आला. "कंडक्टर," तो म्हणाला, "हे असलं आमी कुनी बगितलं न्हवतं. माजा पाव्हना मी सांगून टाकतो, येऊ नगंस म्हनून. पर एक इचारतो, राग मानू नगा. ह्या चालीनं गेलं तर समाप्ती पुडच्या पोळ्याला बी हुयाची न्हाय. नियम तर नियम हाय की."

सगळ्यांनी अजिनाथकडं पाहिलं. त्यानं पोथीवर हात ठेवला, नियम तिथंच कुठंतरी छापलेला असावा तसा.

"नियम काय हाय? समाप्ती पोळ्याआदी," तो म्हणाला. "कुटल्या पोळ्याआदी, ते कुटं लिवलंय?"

"आवो, पर—"

"ज्यानं अर्थ उचलला त्यानंच खाली ठेवायचा. हे लिवलंय. म्हंजे, लिवलं न्हाय, पर हाय." जन्मात पहिल्यांदाच अजिनाथ अर्थ सांगत होता आणि त्याचे कान लाल झाले होते. "ह्या पोळ्याला न्हाय तर पुडल्या. त्याच्या पुडल्या. पोथी उगडी ऱ्हाईल. रोज एक ओवी झाली तर एक. अर्दी झाली तर अर्दी."

"हे पोथीत कुटं हाय, कंडक्टर?" बिरुदेवनं विचारलं. पण त्याचा आवाज भांडणाचा नव्हता.

"पोथीत न्हाय म्हनून तर सांगाय लागतंय की," अजिनाथ म्हणाला.

हरिबाच्या तोंडातून एक आवाज आला. अर्ध्या तोंडाचा, फुटका. केराबाईला आधी वाटलं की त्याला ठसका लागला. मग तिच्या लक्षात आलं की तो हसतोय.

अजिनाथनं पोथी बांधायला लाल फडकं उचललं होतं ते परत मांडीवर ठेवलं. हरिबानं डावी मूठ पोथीच्या कडेला टेकवली, सुपारी आत घट्ट धरून, आणि त्याच्याकडं बघितलं.

"पुढं," तो म्हणाला.

अजिनाथनं तंबोरा ऐकला, आणि पुढच्या ओवीचं पहिलं अक्षर त्यावर ठेवलं.